सातवी खेळी: उंट डी७

प्रश्न असा आला आहे: "माझी मुलगी १३ वर्षांची आहे, रेटिंग १४६०. काळ्या मोहऱ्यांनी दीड वर्षापासून फ्रेंच डिफेन्स खेळते. परवाच्या रविवारी इथं सोलापुरातच रेटिंग स्पर्धेत ११ खेळ्यांत डाव सोडला. समोरचा मुलगाही तिच्याच रेटिंगचा. स्कोअरशीटचा फोटो पाठवतोय. घरी संगणकाच्या इंजिनवर लावून बघितलं तर पहिल्या खेळीपासूनच ते पांढऱ्याला वरचढ दाखवतं. ओळखीतले एक जुने खेळाडू म्हणाले, फ्रेंच रडकी ओपनिंग आहे, पोरीला सिसिलियन शिकवा. एप्रिलमध्ये पुढची स्पर्धा आहे. ओपनिंग बदलू का?"

बदलू नका. निदान या डावासाठी तरी बदलू नका. कारण सांगतो, पण त्यासाठी घरातला पट काढून समोर मांडा. मोबाइलवर नको, लाकडी किंवा प्लास्टिकचा, हातानं सोंगट्या हलवता येतील असा. आणि शेजारी लेकीला बसवा. हे उत्तर तुम्ही एकट्यानं वाचून तिला 'समजावून' सांगितलंत तर अर्धा उपयोग वाया जाईल.

स्कोअरशीटवरचा डाव असा आहे (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी; आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची; नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची खेळी, × म्हणजे मारणं, आणि पुढं तीन टिंबं दिसली तर काळ्याची खेळी):

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३ सी×डी४ ७. सी×डी४ घोडा×डी४ ८. घोडा×डी४ वजीर×डी४ ९. उंट बी५ शह, उंट डी७ १०. उंट×डी७ शह, राजा×डी७ ११. वजीर×डी४. काळ्यानं डाव सोडला.

सहाव्या खेळीपर्यंत तुमच्या लेकीची एकही खेळी चुकलेली नाही, हे आधी नीट ऐका. फ्रेंचच्या (ई४ ला ई६ हे उत्तर) ॲडव्हान्स प्रकारात, म्हणजे पांढरा तिसऱ्या खेळीला ई५ पुढं ढकलतो तिथं, काळ्यानं जे करायचं ते तिनं नेमकं केलंय. पांढऱ्याची डी४ आणि ई५ ही प्यादी एका साखळीत उभी आहेत, आणि साखळीवर हल्ला करायचा तो बुडाशी. म्हणून सी५, म्हणून घोडा सी६, म्हणून वजीर बी६. तिन्ही खेळ्यांचा रोख एकाच घरावर आहे: डी४. हे तिला कोणीतरी चांगलं शिकवलंय.

आता सातवी खेळी. पट याच क्षणी थांबवा, म्हणजे पांढऱ्यानं सी×डी४ खेळून झालंय आणि पाळी काळ्याची आहे. लेकीला विचारा, "डी४ का मारलंस?" मी पैजेवर सांगतो, उत्तर येईल: "बाबा, फुकट होतं की ओ." आणि तिची मोजणी बरोबर आहे! डी४ वर हल्ला करणारे दोन, सी६ चा घोडा आणि बी६ चा वजीर. राखणारा एकच, एफ३ चा घोडा. पांढऱ्याचा वजीर डी१ वर आहे खरा, पण मध्ये डी३ वर त्याचाच उंट आडवा बसलाय. दोन विरुद्ध एक. शाळेतल्या गणिताप्रमाणे प्यादं पडलं.

पण तो आडवा बसलेला उंट बसून राहणार नव्हता. वजीर डी४ वर आल्याआल्या तो बी५ वर गेला, जाता जाता राजाला शह दिला आणि मागची डी-फाइल (डीची उभी ओळ) मोकळी करून दिली. काळ्याला शह टाळायलाच हवा, वजीर वाचवायला वेळ नाही. ई८ चा राजा आणि बी५ चा उंट यांच्यामध्ये सी६ आणि डी७ ही दोनच घरं आहेत, आणि सातव्या खेळीला दोन्ही काळ्यानंच रिकामी ठेवली. सी६ वरून घोडा स्वतः उठून गेला. डी७ वर तर कोणी आलंच नव्हतं.

म्हणून ७...उंट डी७. एवढीच खेळी हवी होती. सी८ चा उंट एक घर तिरका पुढं. दिसायला अगदी बिनकामाची. ना हल्ला, ना धमकी. उलट स्वतःच्याच मोहऱ्यांच्या गर्दीत आणखी एकाची भर. पण ती खेळली की बी५ वर येणारा उंट शह देत नाही. पुढं बघा: ८. किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र खेळी) घोडा×डी४ ९. घोडा×डी४ वजीर×डी४. आता पांढऱ्यानं त्याच तोऱ्यात १०. उंट बी५ केलं, तर काळा शांतपणे वजीर×डी१ खेळतो; हत्तीनं तो वजीर मारला की डी७ चा उंट बी५ वरचा उंट गिळतो, आणि पांढऱ्यानं आधी उंट×डी७ शह दिला तरी काळ्याचं एक प्यादं जास्तच राहतं. तीच युक्ती, फक्त या वेळी पांढऱ्याच्या अंगलट.

आता तिला आणखी एक विचारा: "७...उंट डी७ तुला माहीत होतं का?" बहुधा ती म्हणेल, "हो, वहीत आहे." माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता आश्चर्य वाटत नाही. लाइन पाठ असते. पाढा पाठ असावा तशी. सात एके सात पासून सुरू केलं की सात आठे छप्पन्न बिनचूक येतं, पण मधूनच विचारलं की पोरगं वर छताकडे बघतं. तिनं बहुधा घोडा×डी४ ही खेळी पाठ केली होती, त्या लाइनमध्ये ती आहेच, फक्त आठव्या नंबरावर. तिनं ती सातव्या नंबरावर केली. उंट डी७ कशासाठी आहे हे ठाऊक नसल्यामुळे डोक्यातून ती गळाली, कारण तिच्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं.

माझे वडील यंत्रमागावर काम करायचे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात त्या काळी गल्लीगल्लीत मागांचा खडखडाट असे, आणि पाळी संपली की बॉबिनच्या खोक्यावर पट मांडून डाव चालत. एक गोष्ट तिथं पोरवयातच कळली: धागा तुटला की विणकर बीम उतरवून फेकत नाही. तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. तुमच्या डावात धागा कुठं तुटला ते आपल्याला अचूक सापडलंय. सातवी खेळी, डी७ चं घर. एवढ्यासाठी अख्खी ओपनिंग उतरवणं मला पटत नाही.

(त्या खोक्यावर जुनी माणसं 'देशी' नियमांनी खेळायची, हे जाता जाता सांगतो. प्यादं पहिल्या खेळीला एकच घर चाले, किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. असल्या नियमांवर वाढलेला पंजाबचा सुलतान खान इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश स्पर्धा जिंकला. हेस्टिंग्जला माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं. ओपनिंगची पुस्तकी माहिती त्याच्याकडे जवळपास नव्हती. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे तो एवढाच.)

आता प्रकरणाच्या खऱ्या गाभ्याकडे येतो, कारण नुसतं 'उंट डी७ विसरू नकोस' म्हटलं तर पुढच्या वेळी ती दहाव्या खेळीला फसेल. पुन्हा पट मांडा: ७...उंट डी७ ८. किल्लेकोट घोडा×डी४ ९. घोडा×डी४ वजीर×डी४ १०. घोडा सी३. हा मिल्नर-बॅरी गॅम्बिट, म्हणजे हल्ल्यासाठी मुद्दाम प्यादं देण्याचा प्रकार. (ज्याच्या नावानं हा गॅम्बिट आहे तो स्ट्युअर्ट मिल्नर-बॅरी दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणाऱ्यांपैकी एक होता. मला हे नेहमी गमतीचं वाटतं, कारण गॅम्बिटही तसाच आहे: वरवर प्यादं दिल्यासारखं दिसतं, आत काहीतरी वेगळंच लिहिलेलं असतं.)

काळ्याकडे एक प्यादं जास्त आहे. आता सहज सुचणारी खेळी म्हणजे घोडा ई७, मोहरं बाहेर काढायचं. लेकीला ती खेळू द्या. मग तुम्ही पांढऱ्याकडून घोडा बी५ खेळा. वजिरावर हल्ला. ती लगेच म्हणेल, उंटानं मारते. मारू द्या. आणि तुम्ही डी३ चा उंट बी५ वर ठेवून घोडा मारा: शह! डी-फाइल उघडी, वजीर गेला. तोच सापळा जसाच्या तसा, कारण डी७ चा राखणदार घोडा मारायला जागेवरून उठला.

म्हणून दहाव्या खेळीला ए६. बी५ च्या घरावर घोड्याला येऊच द्यायचं नाही. मग घोडा ई७, आणि तिथून सी६, म्हणजे ई५ च्या प्याद्यावर डोळा. आणि लालचीपणानं १०...वजीर×ई५ केलं तर ११. हत्ती ई१ वजीर डी६ १२. घोडा बी५ उंट×बी५ १३. उंट×बी५ शह. वजीर जात नाही या वेळी, पण मध्ये घालायला वजिराशिवाय काहीच नाही, म्हणून राजा हलतो आणि किल्लेकोट कायमचा गेला. पांढऱ्याकडे दोन प्यादी कमी आणि समोर उघड्यावर बसलेला राजा. १४६० रेटिंगच्या पोरांमध्ये मी अशा वेळी पांढऱ्याकडून खेळणं पसंत करेन, इंजिन काहीही म्हणो.

बघा, एकच कल्पना तीन वेळा आली. डी३ चा उंट, डी१ चा वजीर, बी५ चं घर, डी७ चं घर. ही चार नावं तिच्या डोक्यात बसली की लाइन पाठ करावी लागत नाही, ती पटावर उभी राहून खेळ्या शोधून काढेल. आणि काळ्याचा वजीर डी४ वर फार वेळ रेंगाळू द्यायचा नाही, हेही तिचं तिला कळेल. कारण पुढं डी१ वर हत्ती आला की तोच उंट पुन्हा बाजूला सरकायला मोकळा.

इथं थांबून फ्रेंचबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी तिला 'रडकी' म्हटलंय. ते असं का म्हणतात ते मला कळतं. पहिल्याच खेळीला ई६ केल्यानं सी८ चा उंट स्वतःच्या प्याद्यांमागे कोंडला जातो. फ्रेंच खेळणाऱ्याचं हे जन्माचं दुखणं. अर्धा डाव त्या उंटाचं काय करायचं या चिंतेत जातो: बी६ करून ए६ ला न्यायचा, की डी७ वरून बी५ ला आणून पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी बदलायचा. पण तुमच्या लेकीच्या डावात नेमका तोच कोंडलेला, बदनाम उंट एक घर पुढं येऊन वजीर वाचवणार होता. त्याच्यावर सगळ्यांनी आधीच पाणी सोडलेलं असतं, म्हणून त्याची आठवण झाली नाही.

आता इंजिन. फ्रेंचविरुद्ध ते पांढऱ्याला थोडंफार जास्त दाखवतं, पाव-अर्ध्या प्याद्याएवढं. तेवढं तर ते जवळपास प्रत्येक ओपनिंगमध्ये दाखवतं, कारण पहिली खेळी पांढऱ्याची असते. तुमच्या लेकीनं हा डाव पाव प्याद्यानं हरलेला नाही. अख्ख्या वजिरानं हरलाय. त्या दोन आकड्यांची तुलनाच करू नका. २५ नोव्हेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या पहिल्याच डावात डिंग लिरेननं काळ्या मोहऱ्यांनी गुकेशविरुद्ध फ्रेंच खेळली आणि तो डाव जिंकला. (सामना पुढं गुकेशनं ७.५-६.५ असा घेतला, पण त्याचं कारण फ्रेंच नव्हतं.) उलटंही आहे: डिसेंबर २००० मध्ये तेहरानला आनंद पहिल्यांदा जगज्जेता झाला, तेव्हाचा शेवटचा डाव शिरॉवनं फ्रेंचच खेळला होता, आणि आनंदनं तो पांढऱ्याकडून जिंकला. एकच ओपनिंग, एकाला तारलं, दुसऱ्याला बुडवलं. ओपनिंगला नाव ठेवणं सोपं असतं, बिचारी बोलत नाही.

नावाचीही एक गंमत आहे. १८३४ मध्ये लंडन आणि पॅरिसच्या खेळाडूंनी पत्रानं डाव खेळले, पॅरिसवाल्यांनी ई४ ला ई६ असं उत्तर दिलं, म्हणून ही फ्रेंच. त्या डावात पांढऱ्यानं तिसऱ्या खेळीला डी५ वर प्याद्याची अदलाबदल केली होती, जो प्रकार आज आपल्याकडची पोरं बरोबरी हवी असली की खेळतात. पॅरिसनं काळ्या मोहऱ्यांनी तो डाव जिंकला. अदलाबदल केली म्हणजे डाव निर्जीव झाला, असं समजून बसणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

सिसिलियनचं (ई४ ला सी५ हे उत्तर) म्हणाल तर ती उत्तम ओपनिंग आहे, पण तुम्ही जे दुखणं घेऊन आलाय त्यावरचं ते औषध नाही. सिसिलियनमध्ये पाठांतर जास्त आहे, कमी नाही. ज्या मुलीची एक खेळी क्रमातून सुटली तिला तिप्पट लांबीचे पाढे दिले तर सुटण्याच्या जागा तिप्पट होतील. एप्रिल तोंडावर आलाय, त्यात शाळेची वार्षिक परीक्षा. नको.

आणि हा सापळा फक्त फ्रेंचमध्ये आहे असंही नाही. माझीच गोष्ट सांगतो, पंचवीसेक वर्षं झाली. सांगलीला एका स्पर्धेत मी पांढऱ्याकडून वजिराच्या प्याद्यानं सुरुवात केली. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. उंट जी५ घोडा बीडी७ ५. सी×डी५ ई×डी५. एफ६ चा घोडा माझ्या उंटानं वजिरासमोर जखडलाय, तो हलला तर वजीर जाईल. मग डी५ चं प्यादं फुकटच की! ६. घोडा×डी५. समोरचे काका वयस्कर होते, त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि ६...घोडा×डी५ खेळले. मी उंटानं वजीर मारला, मनात पेढे वाटले. त्यांनी उंट बी४ करून शह दिला. मध्ये घालायला माझ्याकडे वजिराशिवाय काही नव्हतं. वजीर डी२, उंटानं वजीर, मी राजानं तो उंट घेतला, त्यांनी राजानं डी८ वरचा माझा उंट मारला. हिशेब केला तर एका प्याद्याच्या बदल्यात माझा घोडा गेला होता. याला एलिफंट ट्रॅप म्हणतात हे मला नंतर कळलं. (आपल्याकडे हत्ती म्हणजे कोपऱ्यातला रूक, त्यामुळे पोरं या नावानं गोंधळतात, यात हत्तीचा काही संबंध नाही.) परतीच्या एसटीत मिरजेपासून सांगोल्यापर्यंत मी खिशातल्या चुंबकी पटावर तोच डाव मांडत होतो. माझीही मोजणी बरोबर होती. फक्त मध्ये शह येतो हे मोजलं नव्हतं.

तुमच्या लेकीची चूक आणि माझी चूक एकाच जातीची आहे. फुकट दिसणारं प्यादं, बरोबर मोजणी, आणि मोजणीच्या मध्येच घुसणारा शह. म्हणून माझ्याकडच्या पोरांना मी मोजणी शिकवतानाच शह बघायला शिकवतो: मारामारीच्या प्रत्येक पायरीवर थांबून विचारायचं, इथं समोरच्याकडे शह आहे का? नुसता 'मारेल का' एवढा प्रश्न पुरत नाही.

आता तयारी कशी करायची. एका वहीत उजवीकडच्या पानावर खेळ्या आणि डावीकडे, तिच्या स्वतःच्या शब्दांत, प्रत्येक खेळीचं कारण. तुम्ही सांगून लिहून द्यायचं नाही. 'उंट डी७' समोर तिनं "बी५ चा शह बंद" लिहिलं तरी पुरे. "मोहरं बाहेर काढणे" लिहिलं तर समजा गाडी रुळावर आलेली नाही. मग पट उलटा करा. आठवडाभर तिला पांढऱ्याकडून खेळू द्या, तुम्ही काळ्याकडून मुद्दाम सातव्या खेळीला डी४ मारा, कधी दहाव्याला घोडा ई७ करा, कधी बरोबर खेळा. सापळा स्वतःच्या हातानं चार-पाच वेळा लावला की तो दिसायला लागतो. माझा अनुभव असा की जे पोरगं सापळा लावायला शिकतं ते त्यात सहसा पडत नाही.

पांढऱ्याचे दुसरे मार्गही थोडे बघून ठेवा. सहाव्या खेळीला उंट डी३ ऐवजी ई२ आला, तर पांढऱ्याचा वजीर डी-फाइलवर मोकळा राहतो, म्हणजे डी४ चे राखणदार दोन. तिथं प्यादं पडत नाही आणि सापळाही नाही. मग काळ्यानं तिसरा हल्लेखोर आणायचा: घोडा ई७ वरून एफ५ ला. आणि पांढऱ्यानं ए३ करून बी४ ची तयारी केली, तर काळ्यानं सी४ खेळून ती बाजू बंद करावी. बी३ चं घर पोकळ राहतं आणि सी६ चा घोडा ए५ मार्गे तिकडं निघतो. एवढं एप्रिलपर्यंत भरपूर झालं.

एक गोष्ट मात्र तिला थेट विचारा, आणि रागावू नका: सातव्या खेळीला किती वेळ घेतला? ९० मिनिटं आणि दर खेळीला ३० सेकंद असताना ११ खेळ्यांचा डाव बहुधा दहा मिनिटांतच आटोपला असेल. ऑनलाइन तीन-तीन मिनिटांचे डाव खेळून हाताला जी सवय लागते ती ही. आमच्या वेळी शिक्षक सांगायचे, आधी खेळी लिही, मग खेळ. आताच्या नियमात ते चालत नाही. खेळी पटावर करायची आणि नंतर लिहायची, नाहीतर आर्बिटर (पंच) ताकीद देतील. म्हणून मी पोरांना दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायला लावतो. हात बाहेर काढायचा तो खेळी ठरल्यावरच. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, हे तिलाही माहीत आहेच. पुढची स्पर्धा एप्रिलमध्ये सोलापुरात असेल तर दुपारच्या फेरीला हॉल भट्टी झालेला असतो, पंखे गरम वारा फेकतात. पाण्याची बाटली आणि ताक सोबत ठेवा, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये भाकरी-शेंगा चटणीचा पूर्ण डबा नको, नाहीतर तिसऱ्या फेरीत डोळे मिटतात. हे गमतीनं सांगत नाही, दुपारच्या फेरीतल्या अशा घाईच्या चुका मी दर उन्हाळ्यात बघतो.

डाव सोडण्याबद्दलही बोलायचंय. वजीर गेल्यावर अकराव्या खेळीला सोडला. या रेटिंगला मी पोरांना डाव सोडू देत नाही. समोरचाही तेराचौदा वर्षांचाच आहे, वजीर मिळाल्याच्या आनंदात तोही हात मांडीखालून काढतो. हरायचं असेल तर मात होऊन हरावं, शेवटचं काहीतरी शिकायला मिळतं.

राहिले रेटिंगचे गुण. १८ वर्षांखालच्या मुलांना के (एका डावात रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) ४० धरतात, त्यामुळे बरोबरीच्या खेळाडूकडून हरल्यावर २० गुण जातात. म्हणजे १४६० चे १४४०. त्याच हिशेबानं पुढच्या वेळी बरोबरीच्याला हरवलं की ते वीस परत येतात. फिडेनं (जागतिक बुद्धिबळ संघटनेनं) मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची मर्यादाच १४०० केलीय, त्याच्याखाली कुणाचं रेटिंग नसतंच, तेव्हा या आकड्यांकडे बघून झोप उडवून घेण्यासारखं काही नाही. तिच्यासमोर तर या वीस गुणांचा उल्लेखही नको.

आठवड्याभरानं वहीचं ते डावीकडचं पान मला पाठवा. बाकी काही लिहू नका, सातव्या खेळीसमोर तिनं काय लिहिलंय तेवढंच मला बघायचंय. मग दहाव्या खेळीच्या ए६ बद्दल तिच्याशी फोनवर पाच मिनिटं बोलतो.